वासावर मोजलेलं औषध

दुर्गंधीची मला लाज वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्या वर्षांबद्दल मी लिहिते आहे त्या वर्षांत मला ती लाज वाटावी म्हणून बऱ्याच लोकांनी बरीच मेहनत घेतली.

अठ्ठ्याण्णव साली एम.एस्सी. होऊन मी रत्नागिरीला परत आले आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. दुपारनंतर तिथल्या सरांच्या हाताखाली माझं संशोधन चालायचं, आणि ते होतं गंधकाच्या सेंद्रिय संयुगांवर. म्हणजे थायॉल, जुनं नाव मरकॅप्टन. ज्याने त्यांचा वास घेतला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. सडका कोबी, जळका रबर, नासलेला लसूण, सगळं एकदम. हात ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवून, वर साबणाने तीनदा धुतले तरी केसांत तो राहायचाच. संध्याकाळी घरी जायच्या मालगुंडच्या एसटीत पहिल्या दोन थांब्यांपर्यंत लोक स्वतःच्या चपलांचे तळ बघायचे, मग एकमेकांच्या पिशव्या, मग माझ्याकडे वळायचे. एकदा कंडक्टरने गाडी थांबवून विचारलं, "सिलिंडर घेऊन कोण बसलंय?" मी हात वर केला आणि म्हटलं, "सिलिंडर नाही, मीच आहे." त्या दिवसापासून माझ्या शेजारची सीट कायम रिकामी राहिली. मी तिच्यावर पिशवी ठेवायला लागले.

मला ही संयुगं मनापासून आवडायची. अल्कोहोलचा रेणू घ्यायचा, त्यातल्या ऑक्सिजनला उठवायचं आणि त्याच्या जागी गंधकाचा अणू बसवायचा, एवढंच. आवर्तसारणीत गंधक ऑक्सिजनच्या अगदी खालच्या घरात राहतो, भाऊबंदच म्हणा. पण या एका बदलाने स्पिरिटसारख्या सभ्य वासाचा पदार्थ असा होतो की दोन खोल्यांपलीकडचा माणूस शिव्या देत बाहेर येतो. लसणाची पाकळी अख्खी असते तोवर गप्प असते, ठेचली की तिचा वास घरभर होतो, तो गंधकाचाच. हिंगाचा वासही त्याचाच. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा धड वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मरकॅप्टन घालतात, अगदी नावापुरतं, कारण माणसाच्या नाकाला तेवढं पुरतं. माझ्याकडे बघून नाकं मुरडणाऱ्यांच्या स्वयंपाकघरांची राखण हाच वास करत होता, आणि हे त्यांना तोंडावर सांगायची मला भारी हौस होती.

सरांनी मात्र पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "वास किती आणि विष किती, यांचा एकमेकांशी संबंध लावायचा नाही. आणि येत असलेला वास अचानक थांबला, तर हुश्श करायचं नाही, आधी दार गाठायचं. वायू तिथेच असतो, नाक दमलेलं असतं." मी ते वहीत लिहून घेतलं. वहीत लिहून घेतलं की कळलं, असं मला तेव्हा वाटायचं.

नोकरीला लागून महिना झाला असेल नसेल, एक थेंब माझ्या ओढणीवर उडाला. घरी पोचले तर आई खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, सुपारी वाळत घालत होती. मी फाटकात शिरले आणि ती ओरडली, "अगो, लांब हो आधी! विहिरीकडे जा, तिथेच टाक ते कपडे! घरात नको आणूस!" दिवसभराचं सगळं माझ्या डोळ्यांत आलं. बाबा पडवीच्या पायरीवर चहा पीत बसले होते. ते बाजूला सरकले, पायरीवर हात आपटला आणि म्हणाले, "ये गो, बस. चहा घे आधी." मी बसले. त्यांनी बशीत ओतलेला अर्धा चहा माझ्यापुढे केला. आम्ही तसेच खांद्याला खांदा लावून बसलो, आणि आई खळ्यातून आम्हा दोघांना नावं ठेवत राहिली.

ही गोष्ट मी इतकी जपून ठेवली याला कारण होतं. बाबांच्या नाकाला आमच्या भागात मान होता. आंबा उतरवून गवतात पिकत घालतात, त्याला आमच्याकडे आढी म्हणतात. बाबा आढीच्या खोलीत पाऊल न टाकता, दारातून सांगायचे, "उजवीकडची परवा. खिडकीखालची उद्या सकाळीच काढा." चूक व्हायची नाही. आजूबाजूचे बागायतदार त्यांना मुद्दाम बोलावून न्यायचे, आणि बाबा धुतलेलं धोतर नेसून लग्नाला निघाल्यासारखे जायचे. एवढं तिखट नाक असलेला माणूस माझ्या त्या घाणीत बसला. पुढे मी जगाला जी उलट उत्तरं दिली ती त्या पायरीच्या जोरावर.

याच नाकाने ते बागेतलं औषधही मोजायचे. थंडीत आंब्याच्या कलमांना मोहोर आला की तुडतुडे पडतात, आणि मग फवारणी करावी लागते. मोठ्या पिंपात पाणी भरायचं, त्यात औषध ओतायचं, बांबूने ढवळायचं, आणि बाबांनी पिंपावर वाकून वास घ्यायचा. वास मनासारखा झाला की ते म्हणायचे, "चढलं." तोवर पायपंपावरची माणसं थांबून राहायची. डब्यावर माप छापलेलं असायचं. त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर होतं, "छापणाऱ्याने माझी कलमं बघितलीत का?" आणि हे एकटे बाबाच नव्हते करत. आमच्याकडच्या कितीतरी बागांत औषध नाकानेच मोजलं जाई. उग्र वास म्हणजे जोरदार औषध, आणि वास उडाला की औषधही उडालं, अशी सगळ्यांची खात्री होती.

हे चूक आहे हे मला माहीत होतं. त्या औषधाच्या रेणूत गंधकाचे दोन अणू असतात, पण पिंपातून येणारा वास बराचसा त्यातल्या अशुद्धीचा आणि औषध नासताना सुटणाऱ्या मरकॅप्टनचा. उन्हात पडलेला जुना डबा जास्त घाण मारतो, ताजा कमी. म्हणजे वासाने मोजलं तर ताजं, पुऱ्या ताकदीचं औषधच जास्त पडणार. एवढं सगळं माहीत असून मी चार वर्षं तोंड उघडलं नाही. ज्या नाकाचा मला अभिमान होता त्याला खोटं कसं पाडू? एसटीभर लोकांना धडे देणारी मी, घरात मात्र गप्प होते.

दोन हजार दोनच्या जानेवारीत एका रविवारी सकाळी मी बागेत गेले. मांगराच्या मागे, म्हणजे अवजारं ठेवायच्या झोपडीमागे, रिकाम्या डब्यांचा ढीग पडला होता. कलमं तेवढीच होती आणि डबे मात्र दुप्पट दिसत होते. पंपावर आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारा म्हातारा गडी होता. तो खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुसत म्हणाला, "यंदा औषध जाम कडक हाय, ताय." त्याच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली होती.

पिंपाचा वास मला बागेच्या गडग्यापासूनच, दगडी कुंपणापासूनच, येत होता. जवळ गेले तर डोळे चुरचुरायला लागले. बाबा पिंपावर जवळजवळ आडवे झाले होते, सदरा कोपरापर्यंत भिजलेला, तोंड पाण्यापासून वीतभर. त्यांनी एकदा श्वास ओढला, दुसऱ्यांदा ओढला, आणि म्हणाले, "अजून चढत नाही. ओत."

या माणसाला वास येत नव्हता. कमी येत होता असं नव्हे, मुळीच येत नव्हता. आणि जे नाक चालत नव्हतं त्या नाकाला पटेपर्यंत ते औषध ओतत होते. हे आणखी एक-दोन फवारण्या चाललं असतं तर बाबा गेले असते. दुसऱ्याच क्षणाला मला ती पायरी आठवली, ओढणी आठवली, बशीतला चहा आठवला. म्हणजे ती माया नव्हतीच. ते नुसतं बंद पडलेलं नाक होतं. खोटं कशाला बोलू, विषाच्या भीतीइतकंच मला ते लागलं.

रागाच्या भरात मी पिंपावर झाकण टाकलं आणि त्यावर चढून बसले.

"ऊठ," बाबा म्हणाले.

"नाही उठणार. तुम्हाला वास येत नाहीये, बाबा."

"काय बरळतेस?"

"मी दोन बादल्या भरते. एकीत साधं पाणी, दुसरीत हे. औषध कशात आहे ते डोळे मिटून सांगा. सांगितलंत तर उठते."

चार गडी बघत होते. आई पेज आणि लोणचं घेऊन नुकतीच पोचली होती, ती टोपली डोक्यावर तशीच ठेवून उभी राहिली. मागे हटायला बाबांना जागाच नव्हती. मी बादल्या भरल्या, दोन्हींवर फडकी टाकली आणि पुन्हा झाकणावर जाऊन बसले. ते पहिल्या बादलीवर वाकले, मग दुसरीवर वाकले, मग सरळ उभे राहून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि एकदा सगळ्यांकडे नजर फिरवली. आईने पदर नाकाला लावला होता. "ही," बाबा म्हणाले. दुसरी. बरोबर होतं.

गडी हसले. बाबाही हसले, पण माझ्याकडे न बघता. "झालं समाधान? आता ऊठ, आणि त्या तुझ्या बाटल्या हुंगत बस कॉलेजात." मी उठले. या सगळ्या हकिगतीत मला खरोखर लाज वाटते ती या एका गोष्टीची, की मी उठले.

दुपारी बाबा घरी आले ते पायरीवरच बसले. आतून मी ऐकलं, "दिवा लावा गो कोणी, काळोख झालाय." खळ्यात तेव्हा इतकं ऊन होतं की तिकडे बघवत नव्हतं. मी धावत बाहेर गेले. त्यांच्या अंगाला घाम सुटला होता, तोंडातून लाळ येत होती, पापणी आपोआप थरथरत होती. मी त्यांची हनुवटी वर केली. बुबुळांतल्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. उजेड होता, पण आत जायला वाट नव्हती.

मी त्यांचा सदरा फाडून काढला. मी आणि आईने त्यांना विहिरीवर नेलं आणि साबण लावून बादल्यांवर बादल्या ओतल्या. हीच ती जागा, जिथे मला कपडे टाकायला सांगितलं होतं. मग रिक्षा. मांडीवर बाबांचं डोकं आणि हातात औषधाचा डबा, कारण डॉक्टरांना काय घेतलं ते दाखवावं लागतं. डॉक्टरांनी डब्यावरचं नाव वाचलं, डोळ्यांत बॅटरी मारली आणि अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन मागवलं. मग आणखी एक, मग आणखी एक.

व्हरांड्यात उभी असताना माझ्या डोक्यात तो रेणू फिरत होता. हे औषध शरीरात गेलं की यकृत त्यातला फॉस्फरसला धरून बसलेला गंधक काढतं आणि त्याच्या जागी ऑक्सिजन बसवतं, आणि मगच ते खऱ्या अर्थाने विष होतं. मी प्रयोगशाळेत करत होते त्याच्या अगदी उलट. मी ऑक्सिजन काढून गंधक बसवायचे आणि अख्खी इमारत बोंब मारायची. बाबांच्या पोटात गंधक जात होता, ऑक्सिजन येत होता, आणि कुणाला काही कळत नव्हतं.

आई बाकावर बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तापानंतर गेलं त्यांचं नाक. आढीला मी बरोबर जायचे ते कशाला, वाटलं तुला? पिकल्याचा वास आला की मी पदर लावायचे. 'कुणाला सांगू नको' म्हणून माझ्याकडून वचन घेतलंनी."

"मग आज बादलीपुढे पण?"

"मग काय करणार होते? चारचौघांत पडू देऊ त्यांना?"

"तुझ्या पदराने मारलं असतंस त्यांना!" मी ओरडले. नर्सने येऊन दटावलं. आई शांतपणे म्हणाली, "आणि तू गो? घरात विचारता आलं नसतं? गड्यांसमोर बादल्या मांडल्यास ते कुठलं शहाणपण?" तिचं खरं होतं. पण पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा बादल्या मांडीन, फक्त आधी आईला घरी पाठवीन.

बाबा वाचले. पाचव्या दिवशी घरी आले. तोंडाला कोरड होती, आवाज बसला होता आणि स्वभाव होता तसाच होता. पुढच्या फवारणीची वेळ आली तेव्हा मी रत्नागिरीहून आणलेला मापाचा काचेचा नळा, रबरी हातमोजे आणि साबणाची वडी पिशवीत भरली आणि सांगितलं, "यंदा औषध मी मोजणार. पिंपावर कोणी वाकणार नाही. तुम्ही तर नाहीच." वाटेवर शेजारचे एक बागायतदार भेटले. माझ्या हातातला नळा बघून म्हणाले, "काय, आता कलमांची रक्त-लघवी तपासणार काय?" मी म्हटलं, "हो, आणि नंतर तुमची." नाकाने कांदे सोलणाऱ्यांशी मी तशी कधीच गोडीने बोलले नाही.

बागेत गडी नेहमीसारखे पंपाशी थांबले होते. सवयीने सगळ्यांनी बाबांकडे बघितलं. बाबा पिंपापासून चार पावलं लांब उभे होते. मला वाटलं, आता काहीतरी थातूरमातूर सांगतील, डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय वगैरे. त्यांनी धोतराचा सोगा खोचला आणि म्हणाले, "मला वास येत नाही. नव्व्याण्णवच्या गणपतीत ताप आला होता, तेव्हापासून. यापुढे ही मोजेल तेवढंच औषध. आढीला पण मला कोणी बोलावू नका."

मग तो पंपावरचा म्हातारा म्हणाला, "म्हायत होता आमाला, भाऊ."

"काय?"

"दोन वर्सं म्हायत हाय. वयनीनी पदर लावला की तुमी चढलं म्हनायचा. त्या नसल्या की ओत, ओत."

"मग बोललास का नाहीस, मेल्या?" बाबांचा आवाज फुटला. "मेलो असतो मी! तूही मेला असतास!"

म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट केलं. "ही बोलली की. तिचा काय झाला ते बघितला आमी. आमी पन हसलो तिला."

मी हातमोजे चढवून नळ्यात औषध ओतत होते. माझं अर्धं लक्ष रेघेवर होतं. मोजता मोजता बाबांचं मघाचं वाक्य आत कुठेतरी पोचलं आणि माझा हात थांबला. नव्व्याण्णवचे गणपती. मी नोकरीला लागले अठ्ठ्याण्णवला, आणि ती ओढणी पहिल्याच महिन्यातली. माप चुकलं. मला सगळं परत डब्यात ओतून पहिल्यापासून मोजावं लागलं. गडी थांबून राहिले.

त्या संध्याकाळी बाबा पायरीवर बसले होते. मी हात धुऊन आले होते, पण औषध ते औषध, वास जात नव्हता. मी समोर उभी राहून विचारलं, "माझ्या ओढणीवर थेंब उडाला होता, आई ओरडली होती, त्या दिवशी तुम्हाला वास येत होता?"

"येत होता म्हणजे? डोकं भणाणलं होतं माझं. दोन दिवस दुसरा कसला वासच कळेना."

"मग बस कशाला म्हणालात?"

ते जरा चिडलेच, उगाच काहीतरी विचारल्यासारखे. "आई ओरडत होती ना तुझ्यावर? दोघांनी ओरडून कसं चालेल?"

आणि ते बाजूला सरकले. मी बसले. अंगाला वास येतच होता, आणि आम्हा दोघांत तो आता मला एकटीलाच येत होता.